सव्वाचारच्या आधी

फ्लीटवूडच्या धक्क्याच्या टोकाला
कपाटाएवढी खोली आहे.
जमिनीत विहीर, विहिरीत तरंगता डबा,
डब्याला तार, तारेला लेखणी,
लेखणीपुढे आठवड्यातून एकदा फिरणारा पितळी ढोल,
ढोलाभोवती कागद.
पाणी चढलं की लेखणी चढायची.
उधाणाला रेघ कागदाबाहेर जाऊ पाहायची,
भांगाच्या दिवसांत पेंगायची.
लेखणीला यातलं काही कळत नसे.
जसं पाणी, तसं ती करायची.

मी आले तेव्हा ढोल थांबून अकरा वर्षं झाली होती.
भिंतीवर आता राखाडी डबी.
दर पंधरा मिनिटांनी ती पाण्याला एक प्रश्न विचारते,
उत्तर लिहून घेते, डोळे मिटते.
४.३१
४.५८
४.८३
माझं काम जुन्या गुंडाळ्या उलगडायचं,
रेघेचे आकडे करायचं.
चव्वेचाळीस वर्षं. वर्षाच्या बावन्न गुंडाळ्या.

पहिल्याच आठवड्यात हात अडखळला.
चार आणि सव्वाचारच्या मध्ये
एखादा ट्रॉलर गेला असावा,
रेघेला उचकी लागली होती, सुईच्या अग्राएवढी.
चारला पाणी होतं. सव्वाचारला होतं.
मधे ते कुठून कुठे गेलं
हे रकाना विचारत नाही.

बुधवारी क्लिफर्ड थ्रेलफॉल यायचा, वय शहाऐंशी,
सोबत थर्मास आणि स्वतःची खुर्ची.
दर सोमवारी कागद बदलणारा माणूस तोच.
मला वाटलं, हा रेघेची बाजू घेईल.
तो म्हणाला, "लेखणी थापा मारायची.
हवा दमट झाली की कागद फुगायचा, शाई पसरायची.
ही रेघ बघ. तिची जाडी म्हणजे दोन इंच पाणी.
त्या दोन इंचांत तुला हवा तो समुद्र वाच."
मग म्हणाला,
"आणि नक्कल काढ. नकलेची नक्कल काढ.
दहाव्या कागदावर वादळसुद्धा मवाळ होतं.
तुझा आकडा प्रेस्टनला पाठव, लिव्हरपूलला पाठव,
चारशे एकतीस तो चारशे एकतीसच."
दशांशचिन्ह त्याने खाल्लं.
मी दुरुस्त केलं नाही.

भिंग लावलं तर रेघही सलग नव्हती.
कागदाच्या तंतूंवर थबकलेले शाईचे ठिपके,
मधे मधे कोरं.

मग ती गुंडाळी आली.
बारा मार्च एकोणीसशे अडुसष्ट, मंगळवार,
दुपारचे दोन चाळीस.
शांत चढणाऱ्या रेघेतून एक काटा उभा,
वर जाऊन लगेच खाली.
कुठलंही पाणी असं वागत नाही.
पडद्यावर चौकट उघडली:
चूक आहे का? हो. नाही.

क्लिफर्ड वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.
"हा मी," म्हणाला.
"फोन वाजला. वळताना कोपर लागलं.
हॉस्पिटलचा होता. मॉरीन तिथे होती."
पुढचं त्याने सांगितलं नाही.
थर्मासचं झाकण उघडलं,
काही न ओतता परत लावलं.

मी म्हटलं, "मग 'नाही' दाबते. राहू दे."
"'हो' दाब," तो म्हणाला.
"तो समुद्र नव्हता."

मी 'हो' दाबलं.
दोन पस्तीस आणि दोन पंचेचाळीसच्या मधे
यंत्राने एक गुळगुळीत पाणी भरून टाकलं.
गुंडाळी मिटताना अंगठा त्या जागेवरून गेला.
लेखणीचं टोक तिथे कागदात रुतलेलं होतं,
पाठीमागून हाताला लागत होतं.
क्लिफर्ड खुर्ची घडी करून निघाला.
दारात म्हणाला, पुढच्या बुधवारी जमेल, नाही जमणार, बघू.

मी दिवा मालवून धक्क्यावर आले.
खाली पाणी अजून चढत होतं
की टेकलं होतं, वाऱ्यात कळेना.
तेवढ्यात आईचा फोन.
"बरी आहेस ना गं?"
म्हटलं, "तशी बरी आहे."
दापोलीहून जरा उशिराने आवाज आला,
"तशी म्हणजे कशी?"